ईस्टरची पंगत

२०१७ साली १४ एप्रिललाच गुड फ्रायडे आला. आमच्याकडे बाबासाहेबांची जयंती, तर मरोळ गावठाणातल्या आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा शोकाचा दिवस. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आमच्या मुलांनी ताशे थांबवले. निळे झेंडे घेऊन मिरवणूक मुकाट पुढे गेली.

रविवारी ईस्टर. त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपणार होता. शनिवारी मावशी स्वतः बोलवायला आल्या, "सगळे जेवायला या, आणि बायांनो, हाताखाली लवकर या."

सकाळीच आम्ही गेलो. डुकराच्या मटणाचं सोरपोटेल आदल्या दिवशीच शिजलं होतं. व्हिनेगर मुरलं की चव चढते. आम्ही फुगे तळायला बसलो. मैदा-अंड्याचं आंबवलेलं पीठ मुठीतून पिळून तेलात सोडायचं, की गोल फुगतं. आमचे पहिले सगळे वाकडेच झाले. घरून आम्ही खीर नेली होती.

तीस माणसांची पंगत बसली. आमच्या आजीने सवयीने आपलं ताट लांब सरकवलं. तिच्या लहानपणी गावात भाकरी वरून टाकत. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. आजी त्यानंतर जन्मलेली, तरी हाताची सवय गेली नव्हती. मावशींनी काही न विचारता तिचं ताट ओढून आपल्या ताटाला भिडवलं. आजी घास हातात धरून तशीच बसली. मग म्हणाली, "आणखी एक फुगा वाढ गं."

बुद्धपौर्णिमेला आमच्या घरी खीर ढवळायला मावशी होत्या.