नदीला खत

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना नत्र, स्फुरद, पालाश ही नावं पाठ असतात. पिकाच्या मुळाशी पडलं तर सोनं! पण हेच नत्र-स्फुरद नदीत उतरलं की काय होतं, ते पाहायला आम्हा पुणेकरांना लांब जावं लागत नाही. उन्हाळ्यात मुळा-मुठेवर जलपर्णी पसरते. लांबून पाहिलं तर कुणाला वाटावं, छान हिरवळ आहे.

हे खत येतं कुठून? निम्मंअधिक आपल्याच घरांतून. मैलापाणी, कपडे धुण्याची पावडर... पुढे भीमेकाठच्या उसातून वाहून आलेलं खतही त्यात मिसळतं. एक ग्रॅम स्फुरदावर अर्धा किलोपर्यंत ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. हे शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तोच ओढून घेतं, आणि मेल्यावर कुजताना आणखी खातं. म्हणून मासे गुदमरतात ते बहुधा पहाटे. दुपारी पाण्याची बाटली भरून नेणाऱ्याला सगळं ठणठणीत दिसतं!

मग नदीची परीक्षा घ्यायची कशी? जन्म शिकवण्यात गेला, त्यामुळे मी आधी प्रश्नपत्रिका बघते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार वर्ग पाडले आहेत. त्यातल्या मासे आणि वन्यजीवांसाठीच्या वर्गात लिटरला किमान 4 मिलिग्रॅम प्राणवायू, सामू आणि मुक्त अमोनिया एवढंच आहे. स्फुरदाचा रकानाच नाही. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी 2017 साली अधिसूचना निघाली, तिच्यातही नत्र-स्फुरद आलं नाही.

मर्यादा मुळीच नव्हती असं नाही. 1993 च्या सर्वसाधारण मानकांत नदीत सोडायच्या सांडपाण्यात स्फुरद लिटरला 5 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. अमेरिकेत 1986 साली वाहत्या ओढ्या-नद्यांसाठी 0.1 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं सुचवलं होतं. पन्नास पटींचा फरक! अर्थात एक आकडा नळाच्या तोंडाचा आहे, दुसरा नदीच्या पोटातला. नदीत भरपूर पाणी असेल तर नळाचं पाणी विरळ होऊन चालून जातं. पण उन्हाळ्यात खडकवासल्याच्या खाली मुठेत स्वतःचं पाणी असतं किती? नाले आणि केंद्रं जे सोडतात, तीच नदी.

म्हणून मला वाटतं, हिशेब माशाच्या बाजूने सुरू करावा. त्याला किती सोसतं ते आधी ठरवावं, आणि मग तेवढंच शहर, कारखाने आणि शेती यांच्यात वाटून द्यावं. आपण उलट करतो. नळाला जमेल तेवढं ठरवतो आणि उरलेलं नदीने सोसावं म्हणतो. तिला ते सोसत नाही. हे सगळं खत उजनीच्या संथ पाण्यात साठतं, पाणी हिरवं पडतं. तिथे जाळं टाकणारे आहेत, त्याच्या खाली भीमाकाठी पंढरपूर आहे.

खर्च होईल म्हणतात. होईलच. पण अवघड विषय वेळापत्रकातूनच काढून टाकला, तर कुठल्याही वर्गाचा निकाल शंभर टक्के लागतो. पालकांनी मात्र त्यावर पेढे वाटू नयेत.

असो. तुमच्या गावच्या नदीला कुणी स्फुरदाबद्दल विचारतं का? जरूर कळवा.