साक्षीदारांच्या शोधात

थोर माणसाचे चरित्र कसे वाचावे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. जन्म-मृत्यूच्या तारखा सापडल्या की माणूस सापडला, अशी आपली भाबडी समजूत असते. यंदा माझ्या पुतणीला लोणावळ्याच्या महिला मंडळात आचार्य अत्र्यांवर बोलायचे होते. तारखा तिच्यापाशी होत्या : जन्म १३ ऑगस्ट १८९८, मृत्यू १३ जून १९६९.

"काका, पुढे काय बोलू?"

मी म्हटले, "वाट अत्र्यांनीच दाखवून ठेवली आहे. त्यांचे १९६२ चे 'तो मी नव्हेच' घे. आरोपी एकच, पण प्रत्येक साक्षीदाराने पाहिलेला माणूस निराळा! तूही साक्षीदार बोलाव."

पहिली साक्ष 'कऱ्हेचे पाणी' या आत्मचरित्राची. माणसाने स्वतःविषयी दिलेली, म्हणून रसाळ आणि म्हणूनच उलटतपासणीला योग्य. दुसरी कन्या शिरीष पै यांची. तिथे घरातले वडील भेटतात. तिसरी १९५६ साली निघालेल्या दैनिक 'मराठा'ची. तिथे संयुक्त महाराष्ट्रासाठी झुंजणारा संपादक गरजतो. चौथी सासवडची. आम्ही मावळातले लोक पावसाला कंटाळलेले. पुरंदरची कोरडी माळराने पाहिल्यावाचून त्या 'पाण्या'चे मोल आम्हांला कळायचे नाही.

आणि पाचवी साक्ष, ज्यांनी ती नाटके पाहिली त्यांची.

ती मात्र घरातच निघाली. तळेगावला माझी आई असते; नव्वदी ओलांडली आहे. पुतणीने तिला 'घराबाहेर' वाचून दाखवायला घेतले. १९३४ चे नाटक. सासरचा जाच सोसवेना तेव्हा नायिका घर सोडते. आई डोळे मिटून ऐकत होती. आम्हांला वाटले, झोप लागली.

"मी पाहिलंय हे, लग्नाआधी," ती एकाएकी म्हणाली. "पुढे मीही एकदा पिशवी भरली होती. तू पाळण्यात होतास. मग रिकामी केली."

साठ वर्षांहून अधिक काळ मी या बाईचा मुलगा आहे. तिच्या जन्मतारखेपासून औषधांच्या वेळांपर्यंत सारे मला पाठ. ही पिशवी तेवढी ठाऊक नव्हती. पुढचे ऐकावेसे वाटत होते आणि वाटतही नव्हते.

पुतणीने भाषणाचा कागद घडी करून ठेवला आणि आजीच्या जवळ सरकली.

"काय काय भरलं होतंस गं, आजी?"