बाभूळ, हिरडा आणि माणसाचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आमच्या सौ.च्या दोन्ही पायांवर चट्टे उठले. खाज सुटायची, पाणी यायचे, पुन्हा खपली धरायची. सौ. अंगणवाडीत मदतनीस आहे. दिवसभर पायांवर उभी. मलमे झाली, कडुनिंबाचा पाला झाला, शेजारणींनी सांगितलेले सगळे करून झाले. शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिच्या पाठीवर निरनिराळ्या औषधांच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या. एकाच ठिकाणी लाल फोड होता. डॉक्टर म्हणाले, "यांना क्रोमियम सोसत नाही. चट्टे बघा, बरोबर चपलेच्या पट्ट्याखाली आहेत. क्रोमने कमावलेले चामडे घालू नका."

दवाखान्याबाहेर सौ. म्हणाली, "अहो, आता मी अनवाणी फिरू का?"

मी बी.कॉम. झालेला कारकून. चपलेची किंमत मला कळते, पण चप्पल कशाची असते हे पंचेचाळीस वर्षांत कधी विचारले नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आमचा कोल्हापूरचा प्रवास घडला. त्याची ही हकिगत.

आधी थोडी माहिती सांगतो. जनावराचे कातडे तसेच ठेवले तर कुजते. ते कुजू नये म्हणून त्यावर जी प्रक्रिया करतात तिला कातडी कमावणे म्हणतात. पूर्वी झाडांच्या साली, फळे आणि पाने वापरून कातडी कमावत. अमेरिकेत १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि धंदाच बदलला. महिनाभराचे काम दिवसा-दोन दिवसांत होऊ लागले. चामडे मऊ, हलके, पाण्याला टिकणारे झाले. आज जगातले बहुतेक चामडे, शेकडा ८० च्या वर, क्रोमनेच कमावलेले असते. यात वापरतात ते क्रोमियम तसे सौम्य असते. पण प्रक्रिया नीट झाली नाही किंवा चामडे उन्हात, उष्णतेत राहिले तर त्यातील थोड्या भागाचे 'सहा संयुजेचे' क्रोमियम बनू शकते. ते विषारी आहे, कर्करोगकारक आहे. म्हणून युरोपने १ मे २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत त्याला किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या स्टेशनाबाहेरच्या फूटपाथवर असे कोण मोजणार?

जानेवारीत कोल्हापूरला मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा होता. रात्री कल्याणला महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली, सकाळी कोल्हापूर. स्टेशनावरच शाहू महाराजांचे नाव वाचून मन भरून आले. याच संस्थानात त्यांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. याच शहरात त्यांनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा घेऊन विटाळाला चारचौघांत धक्का दिला. आणि इथून जवळच्या माणगावात मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली.

साखरपुडा आटोपल्यावर साडूभाऊ आम्हाला चप्पल लाईनीत घेऊन गेले. दोन्ही हातांना दुकाने आणि दारादारात तांबूस चपलांच्या माळा. सौ.ने एका दुकानदाराला सरळ विचारले, "दादा, यात क्रोम आहे का?" तो हसला. पण माणूस सचोटीचा. त्याने चामड्याचे दोन तुकडे पुढे ठेवले. म्हणाला, "ताई, कापलेली कड बघा. निळसर राखाडी असली तर क्रोम. आतून बाहेरून तपकिरी असली तर सालीचं. पण रंग आतवर मुरवला असला तर डोळा फसतो. म्हणून विचारूनच घ्या. आता कोल्हापुरी म्हणून रेक्झिनचंबी विकतात."

तिथून आम्ही सुभाषनगरात गेलो. ही चर्मकारांची जुनी वस्ती. घराच्या पुढच्या खोलीत पुरुष रापीने तळ कापत होते, बायका बारीक पट्ट्यांची वेणी घालत होत्या. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. तळ आणि पट्टे शिवून जोडतात. एक बाई वेणी घालता घालता सौ.शी बोलत होती. नजर सौ.कडे आणि बोटे आपली चालूच. मी चामडे कुठून येते ते विचारले. कळले की बरेचसे बाहेरून, मद्रासकडूनही येते. जवळपास कमावणारे फार थोडे उरले. साडूभाऊंच्या ओळखीचे एक होते. तासभर एस.टी.ने गेलो.

गावाच्या अगदी कडेला, ओढ्याजवळ, पत्र्याची एक शेड. बाहेरूनच वास आला. तो वास मी विसरलो नव्हतो. आमचे आजोबा तरुणपणी गावची मेलेली ढोरे ओढायचे. पुढे त्यांनी ते काम टाकले आणि घरात सक्त ताकीद दिली की पोरांनी कातड्याला हात लावायचा नाही. मी त्या ताकिदीत वाढलो, शिकलो, टेबलाशी बसलो. आज बायकोच्या चपलेसाठी पुन्हा त्याच वासापाशी येऊन उभा होतो.

सत्तरीचे आबा आतून आले. ढोर समाजाचे, कक्कय्यांना मानणारे. जय भीम झाला. मी काय करतो ते विचारले. मग म्हणाले, "बघा तर मग."

पहिल्यांदा मिठातले म्हशीचे कातडे धुऊन चुन्याच्या हौदात टाकतात. आठ-दहा दिवसांनी केस सुटतात. मग ते खरवडायचे, आतले मांस सुरीने काढायचे, चुना जाईपर्यंत धूत राहायचे. नंतर बाभळीच्या सालीच्या पातळ पाण्यात मुरवायचे. पुढचा भाग पाहण्यासारखा. आख्खे कातडे पिशवीसारखे शिवतात, आडव्या लाकडाला टांगतात आणि त्यात कुटलेली बाभळीची साल, हिरडा आणि त्यांचे पाणी भरतात. ती भरलेली पिशवी दूरून एखाद्या फुगलेल्या जनावरासारखी दिसते. पाणी कातड्यातून थेंब थेंब पाझरते. खाली जमले की पुन्हा वर ओतायचे. काही दिवसांनी पिशवी उलटी करून दुसऱ्या बाजूने भरायची. सगळे मिळून महिना, कधी त्याहूनही जास्त.

सालीत आणि हिरड्यात तुरट द्रव्य असते. हिरडा चघळला की जीभ आखडते ना, ते हेच. ते कातड्याच्या तंतूंना धरून बसते, मग कातडे कुजत नाही. बाभूळ आपल्या बांधावरची, हिरडा राधानगरी-शाहूवाडीच्या डोंगरातला. ज्याला जग आज 'पर्यावरणपूरक' म्हणते ते आपल्या अडाणी म्हटलेल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या येत होते.

मी भारावून म्हणालो, "आबा, ही विद्या टिकली पाहिजे."

आबांनी हात पुढे केले. चुन्याने बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या, नखे पिवळी. म्हणाले, "साहेब, तुमचा पोरगा काय करतोय?"

"इंजिनिअरिंगला आहे."

"त्याला घालशीला ह्या हौदावर?"

मला उत्तर देता आले नाही. आबाच पुढे बोलले. "माझा नातू एम.आय.डी.सी.त जातोय. मीच सांगितलंय, इकडं फिरकू नगंस. आवं, तुमची माणसं वडायची, आमची कमवायची, चांभार शिवायचे. एकच कातडं तीन वस्त्यांतनं फिरायचं. पण एकमेकाच्या घरचं पाणी चालत न्हवतं. पायात घालणारा मात्र वरच्या आळीचा."

परतीच्या एस.टी.त मी वही काढली. कारकुनाची सवय. क्रोमचे चामडे स्वस्त का, याचा हिशेब मांडू लागलो. वापरलेल्या क्रोममधला मोठा भाग, साधारण तिसरा हिस्सा, कातड्यात न मुरता सांडपाण्यात जातो. त्या पाण्याचा खर्च कारखानदाराच्या वहीत नसतो. तो नदीच्या, विहिरीच्या आणि हौदात उतरणाऱ्या कामगाराच्या अंगावर पडतो. तामिळनाडूत पालार नदीकाठी हेच झाले. २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या टॅनऱ्यांना प्रत्येकी १० हजार रुपये दंड केला आणि जो प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. त्या निकालात पालारकाठच्या जिल्ह्याचे तेव्हाचे नाव आहे 'नॉर्थ आर्कॉट आंबेडकर'. जिल्ह्याला बाबासाहेबांचे नाव आणि विहिरीला पिण्याजोगे पाणी नाही, हे वाचताना मान खाली जाते. राणीपेटला तर क्रोमियमची रसायने करणारा कारखाना बंद पडला तो मागे लाखाहून अधिक टन विषारी कचरा ठेवूनच.

मग सालीच्या चामड्याचा हिशेब मांडला. क्रोमशी दरात टिकायचे म्हणून त्याची किंमत पाडतात. कशी पाडतात? आबांच्या महिनाभराच्या मेहनतीचा, भेगाळलेल्या बोटांचा, सुभाषनगरच्या बाईच्या वेणीचा पुरा खर्च तिथेही धरलेला नसतो. क्रोमच्या वहीत नदी नाही, सालीच्या वहीत माणूस नाही. दोन्ही वह्या खोट्या.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलेली गोष्ट आपल्या घराघरात ठाऊक आहे. महारांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले तेव्हा 'केसरी'त कोणीतरी हिशेब दिला, की त्यामुळे त्यांचे वर्षाकाठी पाचशे रुपयांचे नुकसान होते. बाबासाहेबांनी उलटून विचारले, की वर पदरचे पैसे देतो, तुम्ही ओढता का? मला लहानपणी ही गोष्ट गमतीची वाटे. त्या दिवशी आबांनी मला तोच प्रश्न विचारला होता आणि मी 'केसरी'तल्या त्या हिशेबनीसाच्या जागी बसलो होतो.

मग क्रोमच बरे का? मुळीच नाही. वाटा आहेत. साल कुटून हौदात महिनाभर घालवण्याऐवजी वॅटलसारख्या झाडांचा तयार अर्क वापरून, फिरत्या पिंपात कातडे घातले तर सालीचेच चामडे बऱ्याच कमी दिवसांत होते. ग्लुटारल्डिहाइडने क्रोमशिवाय पांढरे चामडे कमावतात, ते मोटारींच्या आसनांना वापरतात. पण हे द्रव्यही हाताळताना जपावे लागते. तुरटीने कमावण्याची रीत फार जुनी, पण तुरटी पाण्याने निघून जाते. चेन्नईला १९४८ साली स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, तिथे यावर संशोधन चालते. सालीचे पाणीही गंगाजळ नव्हे. ते काळपट, ओढ्यात सोडले तर मासे मारणारे. चुन्याचा गाळ तर दोन्ही पद्धतींत. म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याची सोय, हातमोजे, गमबूट, कातडे उचलायला यंत्र आणि पुरा मोबदला हे सगळे त्यासोबत आले तरच त्याला पर्याय म्हणावे. नाहीतर जुन्याच जातीच्या धंद्यावर 'निसर्गस्नेही' अशी नवी पाटी लागेल.

आणि पैसा नाही असे कोणी म्हणू नये. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना ते आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, त्यात कोल्हापूरचे नाव नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने हा भारतीय कारागिरीचा वारसा असल्याचे मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. चांगली गोष्ट. पण महामंडळाने एवढे पाहावे, की त्या पैशाची ओळ चप्पल शिवणाऱ्यापाशी थांबू नये. ती कमावणाऱ्या आबांच्या शेडपर्यंत पोचली पाहिजे. आणि त्या शेडीत यापुढे कोणी जन्मामुळे जाऊ नये. ज्याला जायचे तो शिकून, पगार ठरवून, कोणत्याही जातीचा असो, जाईल.

सौ.ने चप्पल लाईनीतून कड बघून, विचारून, सालीच्या चामड्याची चप्पल घेतली. घासाघीस केली नाही. एरवी ती भाजीवाल्याशीही करते. चट्टे आता सुकले आहेत. पावसाळ्यात मात्र ही चप्पल चालत नाही, भिजली की फुगते. तेव्हा ती प्लॅस्टिकची घालते.

भगिनींनो, बंधूंनो, कोणाच्या पायाला असे चट्टे उठत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि चपलेची कड बघा. चप्पल स्वस्त मिळाली तर घरी येऊन आनंद सांगण्याआधी एक विचार करा, की उरलेले पैसे कोणी भरले?

निघताना मी आबांना म्हटले होते, "आबा, येतो." ते म्हणाले, "या. पण कातडं बघायला न्हाई, जेवायला या." पुढच्या खेपेला सौ. आणि मी जेवायला जाणार आहोत. मुलालाही नेणार आहे. त्याने ते हौद एकदा डोळ्यांनी पाहावेत, आणि यंत्रे शिकतोच आहे तर ओले कातडे हाताने उचलावे लागणार नाही असे एखादे यंत्र बसवता येते का ते सांगावे.