आजीचा ळ

मुलगी नोकरीसाठी इंदूरहून बंगळुरूला गेली, तेव्हा सगळ्यात जास्त अडचण झाली ती तिच्या आजीची. माझ्या सासूबाईंना फार कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र लावलं की शिट्टी वाजते, म्हणून त्या ते काढूनच ठेवतात. रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. नात बोलायची, आजी नुसत्या हसायच्या. "जेवलीस का?" एवढं विचारून फोन माझ्या हातात द्यायच्या आणि मग दिवसभर गप्प.

एकदा मी मुलीला म्हटलं, "आजीला दोन ओळी लिहून पाठव. चष्मा लावून त्या अजून रोज पेपर वाचतात."

"आई, मला मराठी लिहिता कुठं येतं?"

खरंच होतं. घरात मराठी बोलणं, पण शाळा इंग्रजी आणि दुसरी भाषा हिंदी. आम्हाला मेसेज येतात तेही रोमन अक्षरांत. म्हटलं, "येईल तसं लिही."

आठवड्याभरात पोस्टकार्ड आलं. 'प्रिय आजी, इथे खूप पाऊस आहे. काल पोहे केले पण गोला झाला. तुझी आठवण येते.'

सासूबाईंनी ते दिवसभरात पाच-सहा वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी मला पोस्टात पिटाळून दहा कार्डं आणवली. त्यांचं उत्तर असं होतं : 'चि. बाळीस अनेक उत्तम आशीर्वाद. पोहे चाळणीत भिजवावे, पाणी निथळू द्यावे, म्हणजे गोळा होत नाही. आणि गोळ्यात ल नसतो, ळ असतो. दहा वेळा लिहून पाठव.' खाली त्यांनी स्वतः एक मोठा ळ काढून दिला होता.

पुढच्या कार्डावर दहा ळ आले, जिलबीसारखे वेडेवाकडे. आजी खूश!

मग एकदा कार्डाऐवजी निळं आंतरदेशीय पत्र आलं, नीट चिकटवलेलं. सासूबाईंनी ते वाचलं आणि उशीखाली ठेवलं. मी विचारलं नाही. रात्री उशिरापर्यंत त्या उत्तर लिहीत बसल्या होत्या. पंधरा दिवसांनी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मला इथली नोकरी झेपत नव्हती, रोज रडायचे. आता बरं आहे. आजीला माहीत आहे." फोनवर दर रविवारी 'सगळं ठीक' म्हणणारी ही पोर! जे आम्हाला बोलून सांगता आलं नाही, ते तिनं चुकतमाकत लिहिलं होतं, आणि तेही जेमतेम येणाऱ्या अक्षरांत.

आपल्याकडे पोस्टकार्ड 1879 साली पाव आण्याला सुरू झालं. गेली कित्येक वर्षं ते 50 पैशांना मिळतंय. तुमच्याही घरी ऐकू न येणारी, फोनवर नुसती हसणारी आजी किंवा आजोबा असतील. शुद्धलेखनाची काळजी करू नका. चुका काढायला त्यांना आवडतंच.

आमच्या घरी आता तारेला सतरा पत्रं अडकवलेली आहेत. निळं मात्र अजून उशीखालीच आहे.