आधी तिथी, मग होडी

"बोटीतून फिरायचं आहे, कुठली बोट चांगली?" दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-बेळगावहून हा प्रश्न मला फोनवर रोज येतो. मी उलट विचारतो, "कुठल्या तिथीला येताय?" समोरच्याला वाटतं मी मुहूर्त काढतोय.

कुडाळात राहून कर्लीच्या खाडीत आणि देवबाग-भोगव्याच्या समुद्रात पाहुण्यांना फिरवणं हा माझा व्यवसाय. बोट माझी नाही. कुठल्या पाण्यात, किती वाजता आणि कोणाच्या होडीतून जायचं हे ठरवून द्यायचं आणि सोबत जायचं, एवढं माझं काम. या कामात बोटीची निवड सगळ्यात शेवटी येते. त्याआधी पाणी निवडावं लागतं, आणि पाणी तिथीवर चालतं.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब अगदी सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला. दिवसा जी वेळ, साधारण तीच रात्री, कारण दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांच्या आसपास अंतर असतं आणि त्यांच्या मधोमध ओहोटी येते. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं. पण ज्याच्या भिंतीवर कालनिर्णय आहे त्याला सहलीचा अंदाज घरबसल्या येतो. इथल्या तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, विचारलंत तर तो मोबाईलकडे बघणारही नाही. "आज एकादस. भरती सव्वाआठाक. तुमी सातेक येवा, मगे पाणी सुकतला," एवढ्यात तो विषय संपवतो.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. आमच्या किनाऱ्यावर तो फरक दोन मीटरच्या घरात जातो. भांगाला तो बराच कमी असतो, त्यामुळे प्रवाहालाही जोर नसतो. पोहता न येणारी, पाण्याला बिचकणारी माणसं बरोबर असतील तर मी भांगाचे दिवस सुचवतो.

आता दिवाळीचंच बघा. लक्ष्मीपूजनाची अमावास्या म्हणजे उधाण. भरती अकरा-साडेअकराच्या सुमारास, आणि ती रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकत जाते. म्हणजे त्या दिवसांत पहाटे पाच-सहाच्या आसपास ओहोटी संपते आणि पाणी आत यायला लागतं. सकाळी सात ते दहा खाडीच्या तोंडावर पाणी आत शिरत असतं, वारा मतलई, जमिनीकडून येणारा आणि हलका. समुद्रात जायचं तर ही वेळ. दुपारनंतर पाणी उलटतं आणि समुद्रावरून खारा वारा जोर धरतो. देवबागच्या संगमावर बाहेर निघालेलं खाडीचं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर येतात. खाली वाळूचा उथळ पट्टा असतो, म्हणून लाट तिथे उभी राहते आणि फुटते. सकाळी ज्या जागेवरून आई मुलाला मांडीवर घेऊन निवांत गेली, तिथेच चार वाजता माणसं दोन्ही हातांनी बोटीचा काठ धरून बसलेली दिसतात. बोट तीच असते आणि तांडेलही तोच.

बहुतेक पाहुणे नाश्ता, आंघोळ उरकून अकरा-बाराला जेट्टीवर पोचतात आणि दुपारची फेरी त्यांच्या वाट्याला येते. मग समुद्र खवळलेला होता, बोट खराब होती, अशी तक्रार घेऊन परततात.

तारकर्ली-देवबागला गेलात की फलकांवर ठिकाणांची यादी दिसते. डॉल्फिन पॉइंट, गोल्डन रॉक, निवतीचा किल्ला, भोगवे बीच, सीगल आयलंड, संगम, त्सुनामी आयलंड. जितकी ठिकाणं जास्त तितकी फेरी चांगली, असं यादी वाचणाऱ्याला वाटतं. माझा अनुभव याच्या उलटा आहे. दोन-अडीच तासांत सात ठिकाणं करायची तर बोट कुठेच थांबत नाही, आणि ठिकाण कुठल्या पाण्यात बघायचं याचा विचार यादीत नसतो. त्सुनामी आयलंड हा खाडीच्या तोंडावरचा वाळूचा पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात. ओहोटीला तिथे कोरड्या वाळूवर चालता येतं, भरतीला त्याच वाळूवर कमरेएवढं पाणी असतं. पाणी उतरत असताना त्याच्या कडेने प्रवाह ओढतो. मुलांना तिथे उतरवायचं असेल तर ओहोटी संपता संपता, पाणी स्थिरावलेलं असताना उतरवावं. यादीतली ठिकाणं कमी करा आणि उरलेल्यांना वेळ द्या, एवढंच मी सांगतो.

माझा जीव मात्र वरच्या खाडीत अडकलेला आहे. कुडाळातून वाहणारं भंगसाळीचं पाणी पुढे कर्ली होऊन नेरूर, वालावल, चेंदवण असं उतरत देवबागला समुद्राला मिळतं. खाली जाताना उजव्या हाताला मालवण तालुका, डावीकडे आधी कुडाळ आणि मग वेंगुर्ला. वालावलला लक्ष्मीनारायणाचं देऊळ, त्याच्या शेजारी तळं, आणि जवळच खाडी. एवढं सौंदर्य एका गावात असूनही फेरीच्या फलकांवर वालावलचं नाव फारसं दिसत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर गर्दी वाढली ती किनारपट्टीवर. खाडी मागेच राहिली.

वालावलकडून पाणी उतरायला लागल्यावर निघावं. प्रवाह होडीला पुढे नेतो, इंजिन मंद ठेवता येतं, मधून मधून बंदही करता येतं. मग तिवरांखालचा चिखल उघडा पडू लागतो. पर्यटकांना चिखल आवडत नाही, भरलेली खाडी फोटोत छान दिसते, हे मला मान्य आहे. पण खाडीतलं जगणं चिखलात चालतं. निवट्या कल्ल्यांजवळच्या परांवर टेकून सरकतात आणि एकदम उडी मारतात. एक नांगी मोठी असलेले इवलेसे खेकडे बिळाबाहेर येऊन ती नांगी हलवत बसतात. तुतवार चोच खुपसत काठाने धावतात. कांदळाची मुळं खोडातून कमानीसारखी खाली येतात, तर चिप्पीची मुळं चिखलातून सरळ वर उभी राहिलेली असतात, श्वास घेण्यासाठी. ही पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राची राज्य कांदळवृक्ष ठरली. ओहोटीला पाण्यात वाकून खुबे-मुळे काढणाऱ्या बायका दिसतात. होडी त्यांच्यापासून लांबून न्यावी, लाटेने त्यांच्या टोपल्या हलतात. आणि परवानगी न घेता त्यांचे फोटो काढू नयेत.

म्हणून बोट ठरवताना माझा पहिला प्रश्न असतो, "इंजिन बंद करून थोडं वल्हवणार का?" जो तांडेल "करूया की" म्हणतो, त्याला खाडी माहीत असते. जो इंजिनाची ताकद सांगायला लागतो, त्याच्याबरोबर मी जात नाही.

डॉल्फिनबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आमच्या किनाऱ्याजवळ दिसतात ते पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन, मच्छीमार त्यांना गादा म्हणतात. निवती-भोगव्याच्या समोर सकाळी पाणी शांत असताना ते दिसण्याची शक्यता चांगली असते. पण डॉल्फिन नक्की दाखवतो अशी हमी मिळाली की समजावं, ही बोट त्यांचा पाठलाग करणार. चार बोटी चार बाजूंनी धावत आल्या की गादे बुडी मारतात आणि लांब निघून जातात. पिल्लू बरोबर असलेल्या मादीची तर फारच धावपळ होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या प्राण्याला पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण आहे. जाणता तांडेल पन्नासेक मीटरवर इंजिन मोकळं सोडतो आणि थांबतो. कुतूहल वाटलं तर गादे स्वतःच जवळून जातात. हिवाळ्यात येणाऱ्या कुरवांचंही तसंच. त्यांना गाठी-शेव टाकून बोटीभोवती गोळा करतात. फोटो चांगला येतो, पण लांबून स्थलांतर करून आलेल्या पक्ष्याच्या पोटात तळलेलं बेसन जातं. हे थांबवणं प्रवाशांच्या हातात आहे, कारण शेवेची पुडी बहुतेक वेळा त्यांच्याच पिशवीतून निघते.

डॉल्फिन दिसला की बोटीतले सगळे एका बाजूला धावतात, हा सुरक्षेचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. सप्टेंबर २००९ मध्ये केरळातल्या थेक्कडीच्या तलावात पर्यटकांची दुमजली बोट उलटली आणि ४५ जणांचा जीव गेला. काठावरचे प्राणी बघायला प्रवासी एका बाजूला झाले होते. मे २०२३ मध्ये केरळातच तानूरला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटून २२ जण गेले. मे २०२२ मध्ये आमच्या तारकर्लीसमोर पर्यटकांची बोट उलटून दोघं दगावले. या घटना आठवल्या की दराची घासाघीस करणाऱ्यांना मी हात जोडतो. ज्या बोटीची क्षमता दहाची आहे तिने अकरावा माणूस घेऊ नये. पण "आम्ही एकाच घरातले आहोत, सगळ्यांना एकत्र घ्या" हा आग्रह बहुतेक वेळा प्रवाशांकडूनच येतो. दोन बोटी करा.

जेट्टीवर काय बघायचं, ते थोडक्यात. बोटीवर नोंदणीचा क्रमांक रंगवलेला असतो आणि किती प्रवासी घ्यायचे तो आकडा परवान्यात असतो. हा परवाना महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा, आमच्याकडे त्याला बंदर खातं म्हणतात. विचारलं तर चांगला बोटवाला तो आनंदाने दाखवतो. लाइफ जॅकेट अंगात घातल्यावर दुसऱ्याला सांगून दोन्ही खांद्यांवरचे पट्टे वर ओढून बघा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात माणूस त्यातून खाली निसटेल. मुलांसाठी लहान मापाचं जॅकेट मागा. नसेल तर दुसरी बोट बघा, कितीही उशीर झाला तरी. खालचा पट्टा दोन पायांमधून घेऊन लावायचा असेल तर तोही लावा, लाजू नका. म्हाताऱ्या माणसांना बोटीच्या मधल्या किंवा मागच्या बाजूला बसवा. पुढचा भाग लाटेवर सगळ्यात जास्त आपटतो आणि कंबर धरते. पावसाळ्यात, मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत, ही प्रवासी वाहतूक बंद असते. त्या काळात कोणी चोरून नेतो म्हणाला तरी जाऊ नये.

समुद्र आणि खाडी दोन्ही नको असतील तर धामापूरचं तळं आहे. कुडाळहून मालवणला जाताना वाटेत लागतं. दोन डोंगरांमधला ओढा मातीचा बांध घालून अडवून हे तळं १५३० साली झालं, असं मानतात. विजयनगरच्या काळातले मांडलिक नागेश देसाई यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान दिला. काठावर भगवतीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, चहूबाजूंनी झाडी. हे पाणी आजही शेतीला आणि पिण्याला लागतं, म्हणून इथे इंजिनाची बोट नसावी असं माझं ठाम मत आहे. पायडलची किंवा वल्ह्याची होडी उपलब्ध असेल तर जरूर घ्या, नसेल तर पायऱ्यांवर तासभर बसा. ज्यांना लाटेची भीती वाटते त्यांना मी आधी इथे आणतो.

वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात. २०१७ पासून हे काम चालू आहे. मासेमारीच्या घरातल्या बायका स्वतः वल्हं मारतात आणि कुठलं झाड कुठलं, त्याखाली कोणती मासळी वाढते, ते सांगत जातात. इंजिन नसल्यामुळे खंड्या अगदी जवळ जाईपर्यंत उडत नाही. कुडाळला मुक्काम असेल तर अर्ध्या दिवसात वेंगुर्ला होतं. मुलं असतील त्या घराला मी सगळ्यात आधी हीच फेरी सांगतो. तिथे त्यांना प्रश्न विचारता येतात आणि उत्तरं देणाऱ्या बायका त्याच पाण्यावर वाढलेल्या असतात.

या दिवाळीत येणार असाल तर असं करा. पाडव्याच्या दिवशी सकाळी सातला भोगव्याहून किंवा देवबागहून समुद्रात जा, साडेनऊपर्यंत परत या. दुपारी बाहेर पडू नका, सोलकढी पिऊन झोपा. भाऊबीजेला भरती दीडच्या सुमारास असेल. तीन वाजता वालावलकडून उतरत्या पाण्याबरोबर निघा, उजेड सहापर्यंत पुरतो. गाडी आधीच खाली कोरजाईला किंवा भोगव्याला पाठवून ठेवा, कारण उधाणाच्या ओहोटीत प्रवाहाविरुद्ध परत वर यायला वेळही दुप्पट लागतो आणि इंजिनाच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही. दर माणशी ठरवू नका, पूर्ण होडीचा ठरवा. थांबण्याचे पैसे वेगळे असतील तर तेही आधीच बोलून घ्या, म्हणजे समुद्री गरुडाचं घरटं दिसलं आणि तिथे अर्धा तास थांबावंसं वाटलं तर तांडेलाला घाई नसेल.