थोरली पाती, धाकटी पाती आणि एक टीव्ही

आपण इथे वाड्यांच्या, लग्नकार्यांच्या, संस्थानी दिवसांच्या आठवणी लिहितो. आज मी चक्क टीव्हीबद्दल लिहिणार आहे. हसू नका. मागच्या नवरात्रात आमच्या धारच्या घरासाठी टीव्ही घेताना मी जेवढा अभ्यास केला, तेवढा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षालाही केला नव्हता.

आधी घरातली मंडळी सांगतो. आमचं मूळ घर धारचं. बँकेच्या नोकरीत बदल्या होत होत मी देवासला स्थिरावलो. धारला थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, वय ८१, आणि वहिनी. दोन वर्षांपूर्वी दादांना डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. मॅक्युला म्हणतात त्या मधल्या भागाचा. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच धूसर होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू, गेलेली परत येईल असं धरून चालू नका. पेपर सुटला, हिशेबाची वही वहिनींकडे गेली. दादांनी कुरकूर केली नाही. एकदाच म्हणाले, "दिसतंय तोवर तीन सिनेमे नीट बघायचे आहेत. 'संत तुकाराम', 'श्यामची आई' आणि 'मुघल-ए-आझम'."

दुसरी बाजू नातवाची. दादांचा नातू इंदूरला कॉलेजात शिकतो, होस्टेलला राहतो. धार तिथून साठ-पासष्ट किलोमीटर. सुरुवातीला दर शनिवारी यायचा, मग महिन्यातून एकदा यायला लागला. त्याच्याकडे प्लेस्टेशन ५ आहे. सहज बोलून गेला, की धारला बरा टीव्ही असता तर मशीन तिथेच ठेवलं असतं. वहिनींनी ते ऐकलं आणि रात्री मला देवासला फोन केला. "भाऊजी, टीव्ही तुम्हीच बघा. यांना दिसेल असा हवा, आणि पोरगं येत राहील असाही हवा."

देवासकरांना हे नवं नाही. तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या दोन भावांच्या घराण्यांत देवासची वाटणी झाली आणि १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन गाद्या नांदल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. मी वहिनींना म्हटलं, आपलंही तसंच करू. एकच टीव्ही, दोन पात्या.

आता पैशाचं. देवासला नोटा छापायचा कारखाना आहे खरा, पण आमच्या घरी काही नोटा छापत नाहीत. दादांची ७५,००० रुपयांची मुदतठेव पिकली होती. माझे पैसे त्यांनी घेतले नाहीत, घेणारही नव्हते. त्यामुळे बजेट तेवढंच. सुदैवाने २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी घटस्थापना. म्हणजे कराआधी ५५,००० किमतीचा टीव्ही ७०,४०० ऐवजी ६४,९०० ला. वाचले ५,५००. सकाळी टेकडीवर जाऊन आईचं दर्शन घेतलं आणि इंदूरची बस धरली.

पण दुकानात जाण्याआधी धारच्या घरी टेप लावून मापं घेतली होती, ते फार उपयोगी पडलं. दार आणि कोनाडा यांच्यामधली भिंत ५४ इंच. टीव्हीचे इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं माप. ५५ इंची टीव्हीची रुंदी साधारण ४८ इंच, तो बसतो. ६५ इंचीची ५७, तो बसत नाही. निम्मा प्रश्न तिथेच सुटला. दादांची आरामखुर्ची भिंतीपासून ११ फुटांवर.

आता फोर-के म्हणजे काय, ते आपल्या भाषेत. चित्र ठिपक्यांचं बनतं. १९८७ साली रामायण लागलं की आमच्या ओसरीवर अर्धी गल्ली बसायची. त्या दूरदर्शनच्या चित्रात जेमतेम ५७६ ओळी दिसायच्या. फुल एचडीत १०८० ओळी, एकूण सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. फोर-केत त्याच्या बरोबर चौपट, सुमारे ८३ लाख. आठ-केत आणखी चौपट. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असं विक्रेता म्हणणारच. पण ठिपका डोळ्याला वेगळा दिसला तर त्याचा उपयोग. ५५ इंची पडद्यावर चांगल्या नजरेच्या माणसालाही साधारण सात फुटांपलीकडून फुल एचडी आणि फोर-केत फारसा फरक कळत नाही. ११ फुटांवरून बघायचं तर चौपट ठिपक्यांचे पैसे वाया. म्हणून टीव्हीआधी खुर्चीचा निर्णय झाला. खुर्ची चार-पाच फुटांवर आणायची. अंतर निम्मं केलं की चित्र डोळ्याला दुप्पट मोठं दिसतं, आणि दादांना त्याचीच गरज. वहिनी म्हणाल्या, "जवळून बघून डोळे आणखी जातील." डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, जवळ बसल्याने पडद्याला काही होत नाही, खुशाल बसू द्या.

मग दादांची गरज काय? उजेड आणि काळं-पांढरं यातला ठळक फरक. जुन्या सिनेमाच्या प्रती मुळातच साध्या, त्यांना ८३ लाख ठिपके दिले तरी नवीन तपशील येत नाही. पण काळं खरंच काळं दिसलं तर चेहरा उठून येतो. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो-विझतो, काळं सुरेखच. पण आमच्या खोलीत दुपारचं ऊन येतं, किंमत बजेटबाहेर, आणि खेळातला गुणफलक तासन्‌तास एकाच जागी राहिला तर त्याची खूण पडद्यावर उमटण्याची भीती. म्हणून मिनी-एलईडी निवडला. त्यात मागचे बारीक दिवे भागाभागाने मंद होतात. उजेड भरपूर, काळंही समाधानकारक.

नातवाची गरज निराळी. त्याला वेग हवा. साधा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, त्याला १२० हवी होती. खोक्यावर १२० छापलेलं असतं, पण तो कधी कधी जाहिरातीचा आकडा निघतो. पॅनेल स्वतः १२० हर्ट्झचं आहे का आणि एचडीएमआय २.१ ची जागा आहे का, ही दोन उत्तरं मी विक्रेत्याकडून लिहून घेतली. बँकेची सवय! तिसरं, गेम मोड. चित्र सजवण्यात टीव्ही वेळ घालवतो, तेवढ्यात बटण दाबून झालेलं असतं आणि गाडी भिंतीवर आपटते. गेम मोड ती सजावट बंद करतो. नातू दुकानात स्वतःचं मशीन घेऊन आला होता. जोडलं, खेळून बघितलं. विक्रेता म्हणाला, "अंकल, असं कुणी करत नाही." मी म्हटलं, आम्ही करून राहिलो ना.

थोरल्या पातीला याच्या उलट. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने भरतो आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. ते बंद ठेवायचं, किंवा फिल्ममेकर मोड लावायचा. प्रत्येक एचडीएमआय जागेची मांडणी वेगळी जपता येते. एक नंबर दादांचा, दोन नंबर नातवाचा. नातवाने रिमोटवर दादांच्या बटणाला लाल लोकरीची गाठ चिकटवली, हाताला लागेल अशी. उरलेल्या पैशांत आवाजाचा लांबट स्पीकर आला, कारण पातळ टीव्हीचा आवाज मागच्या भिंतीलाच ऐकू येतो.

'संत तुकाराम' पहिल्याच आठवड्यात झाला. चित्र चौकोनी, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. वहिनी म्हणाल्या, पडदाभर करा की. दादांनी करू दिलं नाही, माणसं जाडी दिसतात म्हणाले. बघताना दादा मान किंचित तिरकी धरतात. वहिनींना वाटलं, लक्ष खिडकीकडे आहे. नातवाच्या ते बरोबर ध्यानात आलं. मध्ये धूसर आहे, आजोबा कडेने बघतात. त्याने खुर्ची त्या बेताने फिरवून दिली. मी दोन महिने आकडे मांडत होतो, हे माझ्या कोष्टकात नव्हतं.

'श्यामची आई'ही झाला. वहिनींनी तो स्वयंपाकघरातूनच ऐकला, बाहेर आल्या नाहीत.

'मुघल-ए-आझम' तीन तासांहून मोठा. दादांचे डोळे तासाभरात थकतात. नातवाने अट घातली, मला सोडून बघायचा नाही. रंगवलेली नवी प्रत नको, मूळचीच लावायची, ही दादांची अट. दोन शनिवारी दोन तास झाले. मधल्या एका शनिवारी नातवाची परीक्षा होती, तेव्हा टीव्हीवरचं कापड निघालंच नाही. दादांचं पुढचं इंजेक्शन पुढच्या महिन्यात आहे. सिनेमाचा शेवटचा तास त्याआधीच्या शनिवारी ठरलाय. त्या दिवशी मीही धारला जाणार आहे.

कुणाला टीव्ही घ्यायचा असेल तर आधी भिंत मोजा, मग खुर्ची, आणि खुर्चीत कोण बसणार ते विचारा. तुमच्या घरी कोणत्या पातीचं राज्य आहे, तेही कळवा.