कटर मशीनचा फिल्टर आणि राहनाळची धूळ

भिवंडीजवळ राहनाळला आमच्या गोदामांच्या कुंपणाला लागून सुबाभूळ आणि गुलमोहर दाटले आहेत. पावसाळ्यात फांद्या पत्र्यावर टेकतात, कंटेनर वळायला जागा उरत नाही. म्हणून शेठनी पेट्रोलवर चालणारी 58 सीसीची कटर मशीन घेतली आणि माझ्या ताब्यात दिली. तोवर अशा मशीनचा मी फक्त लांबून आवाज ऐकला होता. दुकानदाराने साखळी ताणायला शिकवलं, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून दाखवलं, साखळी ज्या पट्टीवर फिरते त्या बारवर ऑइल कुठून येतं ते सांगितलं. मागच्या झाकणाखाली काय आहे, हा विषयच निघाला नाही.

पावसाळा सरला, जमीन सुकली आणि मशीन वेगळीच वागू लागली. नुसती चालू ठेवली की ठीक. साखळी लाकडात शिरली की दम सोडायची. रेस घेईना, सायलेन्सरमधून काळपट धूर येई, टाकी लवकर संपे. एक म्हणाला प्लग बदल, दुसरा म्हणाला कार्बोरेटरचा स्क्रू फिरव, तिसरा म्हणाला पेट्रोलच खराब आहे. तिघेही जाणते, मग खरं कोणाचं मानायचं? शेवटी मशीन उचलून अंजूरफाट्याकडच्या एका मेकॅनिककडे गेलो.

त्यांनी स्क्रूला हातही लावला नाही. चोक बंद केला, मागचं झाकण उघडलं आणि फिल्टर काढून माझ्या तळहातावर ठेवला. जाळी दिसतच नव्हती. तेलकट भुशाचा थर आणि त्यात गुंतलेले कापसाचे तंतू. भिवंडीत यंत्रमागांची रुई हवेत असतेच. ती इथवर पोचली होती.

पुढचा हिशोब त्यांनी सांगितला आणि मी थक्क झालो. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीतली जवळजवळ एक तृतीयांश हवा! ती सगळी तळहाताएवढ्या त्या तुकड्यातून जाते, तीही भुशाचा फवारा उडत असताना. वाट तुंबली की हवा कमी पडते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं, प्लग काजळतो आणि धूर निघतो. म्हणजे दम सोडणं, काळा धूर आणि लवकर संपणारी टाकी, या तिन्ही खुणा एकाच कारणाच्या होत्या.

मशीन दम सोडते हा तोटा छोटाच. टू-स्ट्रोक इंजिनात हवा आणि पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं, मग सिलिंडरमध्ये. त्यामुळे फाटक्या फिल्टरमधून शिरलेली धूळ बेअरिंगवरून फिरून पिस्टनपर्यंत पोचते. लाकडाची भुकटी त्या मानाने मऊ. कशेळी ते अंजूरफाटा रस्त्यावर कंटेनर उडवतात ती मातीची धूळ मात्र वाळूच्या जातीची. ती पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर चरे पाडते. तुंबलेला फिल्टर निदान धुराने कळवतो, फाटलेला काहीच कळवत नाही.

नवा फिल्टर घ्यायला गेलो तर पुन्हा गोंधळ. काउंटरवर चार प्रकार. स्पंजचा, नायलॉनच्या जाळीचा, जाळीवर मखमलीसारखी लव बसवलेला आणि मोठ्या मशीनचा घड्या घातलेला. सगळ्यात बारीक तोच उत्तम, असं मी धरून चाललो होतो. मेकॅनिकशी बोलल्यावर समजलं की आपण काय कापतो आणि कुठल्या हवेत कापतो, यावर निवड ठरते. पावसाळ्यातलं ओलं, चिकाचं लाकूड असेल तर साधी नायलॉनची जाळी बरी: हवा मोकळी जाते आणि धुतली की लगेच साफ होते. उन्हाळ्यात वाळकं लाकूड आणि रस्त्याची धूळ असेल तर लव असलेला फिल्टर हवा. तो बारीक कण अडवतो, पण लवकर भरतो, म्हणून साफही लवकर करावा लागतो. स्पंज स्वस्त, पण पेट्रोल लागून लागून भुसभुशीत होतो आणि त्याचे तुकडेच आत जाण्याची भीती. घड्यांच्या फिल्टरला पृष्ठभाग जास्त, त्यामुळे तो जास्त वेळ टिकतो. पण तो ज्या मशीनसाठी बनवला आहे तिलाच बसतो. काही महागड्या मशीनमध्ये फ्लायव्हीलचा पंखा जड भुसा फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच बाहेर फेकतो. हुस्कवार्ना या स्वीडिश कंपनीच्या मशीनमध्ये या रचनेला एअर इंजेक्शन म्हणतात.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे फिल्टरची कड. माझ्या मशीनसारखेच दिसणारे फिल्टर बरेच मिळतात, पण कडेला केसभर फट राहिली तर जाळी कितीही बारीक असो, धूळ त्या फटीतूनच जाणार. म्हणून जुना फिल्टर बरोबर न्यावा, नवा दुकानातच बसवून पाहावा. काही दिवस चालवून झाल्यावर कार्बोरेटरच्या तोंडाशी बोट फिरवावं. आत बारीक भुकटी लागली, तर फिल्टर नीट बसलेला नाही.

साफसफाईचा क्रम मी आता पाठ केला आहे. मशीन बंद करून गार होऊ द्यायची. चोक बंद करायचा, म्हणजे झाकण काढताना भुसा कार्बोरेटरमध्ये पडत नाही. आधी ब्रशने आजूबाजूचा कचरा झाडायचा, मगच फिल्टर काढायचा. हातावर हलकेच आपटायचा, दगडावर नाही. पंक्चरवाल्याकडची हवा मारायची तर कमी दाबाने, लांबून आणि आतल्या बाजूने बाहेर. लव असलेल्या फिल्टरला जोराची हवा दाखवूच नये, लव निघून जाते. तेलकट झाला तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण. पेट्रोलमध्ये धुण्याची सवय इथे बऱ्याच जणांना आहे. त्याने स्पंज आणि चिकटवलेल्या कडा खराब होतात, शिवाय आगीचा धोका. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळवायचा. उजेडासमोर धरून भोक नाही ना ते पाहायचं आणि मगच बसवायचा. एक वाळत असताना दुसरा मशीनमध्ये, म्हणून जवळ दोन ठेवावेत.

फिल्टर साफ न करता कार्बोरेटरचा स्क्रू फिरवू नये, हेही मेकॅनिककडेच शिकलो. तुंबलेल्या फिल्टरवर पेट्रोल कमी करून मशीन जुळवली आणि नंतर स्वच्छ फिल्टर घातला, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं. त्याच पेट्रोलबरोबर ऑइल येत असल्याने इंजिन तापतं आणि पिस्टन पकडतो.

मी निघताना मेकॅनिक म्हणाले, "दादूस, फिल्टर मंग बग, आदी साकली बग." धार असलेली साखळी लाकडाच्या जाड कपच्या काढते, त्या खाली पडतात. बोथट साखळी पीठ पाडते, ते उडतं आणि फिल्टरवर बसतं. तेव्हापासून टाकी भरायला थांबलो की गोल कानस हातात घेतो.

एवढी काळजी का, ते वादळात कळतं. 3 जून 2020 ला निसर्ग आणि 17 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं, तेव्हा कोकणापासून मुंबई-ठाण्यापर्यंत झाडं आडवी झाली होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांनी अशाच मशीननी रस्ते मोकळे केले. पण गल्लीत पडलेल्या झाडापाशी पहिली पोचते ती गावातली मशीन, आणि त्या वेळी तिने दम सोडून चालत नाही. ज्यांच्याकडे कटर मशीन आहे त्यांनी मृग लागण्याआधी मागचं झाकण उघडावं, फिल्टर उजेडासमोर धरावा. फाटला असेल तर शिवत, चिकटवत बसू नये, नवा घालावा. फिल्टर शेकड्यात येतो. पिस्टन आणि सिलिंडरचा खर्च हजारात जातो.